सरकारच्या सातबाऱ्यावरचा बोजा कसा वाचायचा

सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आला होता, त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या गावच्या पानठेल्यावर दोन शहाणी माणसं जवळजवळ हातघाईवर आली. एकाच्या मोबाइलवर मेसेज होता, '६७ वर्षांत ५५ लाख कोटी कर्ज, आणि यांच्या नऊ वर्षांत १०० लाख कोटी.' दुसऱ्याच्या मोबाइलवर होतं, 'मागच्या सरकारने तेल रोखे काढून ठेवले, ते फेडता फेडता नाकी नऊ आले.' "तुह्या पार्टीनं देश बुडवला," "नाही बाप्पा, तुह्याच पार्टीनं," असं पंधरा मिनिटं चाललं. शेवटी दोघं माझ्याकडे वळले. मी सत्तावीस वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो, आणि गावात कर्जाचा विषय निघाला की अजून माझ्याच दाराशी येतो.

गंमत अशी की दोघांचेही आकडे बरेचसे बरोबर होते. तरी त्यातून दोष कोणाचा ते ठरत नव्हतं. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा दिसला म्हणून तो कास्तकार बुडाला असं आपण म्हणत नाही. कर्ज कधीचं, कशासाठी, वावर किती, ओलीत आहे का, हे विचारतो. सरकारचा सातबाराही असाच वाचता येतो, आणि त्याची रीत मी खाली क्रमाने सांगतो. मोबाइल, एक वही आणि अर्धा तास लागेल. आकडे बहुतेक २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातले घेतले आहेत. दरवर्षी १ फेब्रुवारीला नवे येतात. तेव्हा आकडे बदला, रीत हीच राहू द्या.

पायरी १ : खातं कोणाचं?

"अमक्याच्या घरावर चार लाख कर्ज आहे" असं कोणी सांगितलं की सोसायटीत आम्ही आधी विचारायचो, नावावर कोणाच्या? बापाच्या, पोराच्या की बायकोच्या बचत गटाच्या? सरकारच्या बाबतीत आपण हे विचारतच नाही. आपल्यासाठी सगळंच 'सरकार'.

खाती निदान चार आहेत. पहिलं केंद्र सरकारचं. मार्च २०२५ अखेर ते सुमारे १८१ लाख कोटी रुपये होईल असा अर्थसंकल्पातला अंदाज होता. दुसरं राज्याचं. महाराष्ट्राचं कर्ज मार्च २०२६ अखेर सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असं राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात दाखवलं होतं. तिसरं महामंडळांचं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. तो रस्ते विकास महामंडळाने बांधला आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. चौथं खातं सगळ्यात जास्त गोंधळ घालतं : देशाचं बाह्य कर्ज. मार्च २०२५ अखेर ते ७३६ अब्ज डॉलर होतं. ते सगळं सरकारचं नाही. खासगी कंपन्यांनी आणि बँकांनी परदेशातून उचललेलं कर्जही त्यातच मोजतात. 'जागतिक बँकेचं एवढं कर्ज' म्हणून फिरणारे बरेच मेसेज हा आकडा सरकारच्या नावावर टाकून मोकळे होतात.

म्हणून मेसेज आला की आधी वहीत खात्याचं नाव लिहा. पीएम किसानचे सहा हजार केंद्राच्या खात्यातले, नमो शेतकरीचे सहा हजार राज्याच्या. जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीणचे महिना १,५०० राज्याच्या खात्यातले. २००८ ची कर्जमाफी केंद्राची, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची. खातं कळलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पायरी २ : तारीख आणि रकाना

मूळ कागद कुठे मिळतो? केंद्राचा 'इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर. मराठीत नाही, पण हिंदीत आहे आणि हिंदी आपल्याकडे सगळ्यांना कळते. दोन कागद पुरेत : 'बजट का सार' आणि 'प्राप्ति बजट'. तूट (कमाईपेक्षा जास्त होणारा, कर्जातून भागवायचा खर्च) आणि व्याज पहिल्यात सापडतं, कर्जाचा एकूण साठा दुसऱ्याच्या मागच्या भागात. राज्याचे कागद वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात, आणि दरवर्षी निघणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'सुद्धा.

कागद उघडला की एकाच ओळीत चार रकाने दिसतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष, गेल्या वर्षीचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षीचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षीचा अंदाज. प्रत्यक्ष म्हणजे घरी आलेला कापूस. बाकीचे वावरात उभ्या पऱ्हाटीकडे पाहून केलेले अंदाज. २०२०-२१ साठी केंद्राने तूट देशाच्या उत्पन्नाच्या ३.५ टक्के धरली होती. कोरोना आला आणि ती ९ टक्क्यांच्या वर गेली. भाषणात आपल्या सरकारचा अंदाज आणि दुसऱ्याच्या सरकारचा प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवायची खोड सगळ्यांनाच आहे.

पायरी ३ : शून्यं झटकून टाका

इथे माझीच फजिती सांगतो. एका ग्रामसभेत मी ठासून सांगितलं होतं की केंद्राचं व्याज वर्षाला बारा हजार कोटी. मागून एक कॉलेजचा पोरगा उठला, "काका, बारा लाख कोटी." शंभर पटीचा फरक. तेव्हापासून मी रक्कम 'लाख कोटी' या एकाच मापात लिहितो आणि मगच तोंड उघडतो.

या मापाचा फायदा असा की भागाकार तोंडी होतो. माणशी कर्ज किती? लोकसंख्या १४० कोटी धरा. १८१ ला १४० ने भागलं की उत्तर लाखात येतं : १.२९, म्हणजे माणशी सुमारे १ लाख २९ हजार. तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना धरून. हा आकडा ऐकून माणसं दचकतात, पण त्यातून कळत काहीच नाही. ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू आहे त्याच्यावरही तेवढंच आणि ज्याची जिनिंग आहे त्याच्यावरही तेवढंच. हा आकडा दचकवायलाच वापरतात.

पायरी ४ : उत्पन्नाशी ताडून पाहा

आता '६७ वर्षं विरुद्ध नऊ वर्षं' घेऊ. हे सगळ्यात जास्त फिरतं.

मार्च २०१४ ला केंद्राचं कर्ज खरंच सुमारे ५५ लाख कोटी होतं. परकीय कर्ज चालू विनिमय दराने धरलं तर ५८ च्या आसपास. मार्च २०२३ ला ते सुमारे १५५ लाख कोटी झालं. म्हणजे वजाबाकी बरोबर आहे. पण त्याच काळात देशाचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ११२ लाख कोटींवरून २७० लाख कोटींच्या आसपास गेलं. कर्ज पावणेतीन पट, उत्पन्न जवळपास अडीच पट. उत्पन्नाच्या मानाने बोजा ५० ते ५२ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आला. बोजा वाढला, हे खरंच. पण 'तिप्पट' ऐकून डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, तेवढा वाढला नाही. मधे कोरोनात तो साठच्या वर जाऊन खाली आला. मार्च २०३१ पर्यंत तो ५० च्या आसपास, एखादा टक्का इकडेतिकडे, आणण्याचं केंद्राने जाहीर केलेलं आहे.

आणि ती '६७ वर्षं' एकाच पक्षाची होती असा मेसेज वाचणाऱ्याचा समज होतो. त्यात मोरारजी देसाई, विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर, देवेगौडा, गुजराल आणि सहा वर्षं वाजपेयी हेही आहेत.

यात एक खोच आहे. देशाचं उत्पन्न म्हणजे सरकारचं उत्पन्न नव्हे. अख्ख्या गावाचं पीक आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी यांत जेवढा फरक, तेवढा यात. फेडायचं असतं ते घरपट्टीतून. म्हणून दुसरं माप लावा : व्याजाला महसुलातून किती जातं? २०२५-२६ चं व्याज १२.७६ लाख कोटी, महसुली जमा ३४.२० लाख कोटी. रुपयातले ३७ पैसे.

पण वर्तमानपत्रात 'रुपया असा जातो' म्हणून जी चकती छापून येते, तीत व्याजाला २० पैसे असतात. कोण खोटं? कोणीच नाही. चकतीत राज्यांना वाटून द्यायचा करांचा हिस्साही धरलेला असतो, म्हणून वाटा लहान दिसतो. तो हिस्सा बाजूला काढून ५०.६५ लाख कोटींच्या खर्चाशी ताडलं तर २५ पैसे. स्वतःच्या कमाईशी ताडलं तर ३७. सत्तेतला माणूस २० सांगेल, विरोधातला ३७. सत्ता बदलली की दोघं आकड्यांची अदलाबदल करतात. माझ्या मते ३७ चा आकडा धरावा. सोसायटीतही आम्ही कर्जदाराची ऐपत त्याच्या कमाईवरून ठरवायचो, खर्चावरून नाही.

रोजचा हिशेब केला तर ते व्याज दिवसाला सुमारे ३,५०० कोटी होतं. पीएम किसानची अख्ख्या वर्षाची तरतूद ६३,५०० कोटी. अठरा दिवसांचं व्याज.

पायरी ५ : नवं-जुनं ओळखा

ही पायरी आपल्या माणसाला शिकवावी लागत नाही. मार्चअखेर जुनं पीक कर्ज भरायचं, एप्रिलात नवं उचलायचं, मधल्या चार दिवसांसाठी कोणाकडून तरी हातउसने घ्यायचे. याला आपण नवं-जुनं म्हणतो. सरकारही तेच करतं. २०२५-२६ साठी बाजारातून एकूण उचल १४.८२ लाख कोटी ठरली होती, निव्वळ ११.५४. मधले ३.२८ लाख कोटी जुने रोखे, म्हणजे सरकारने कर्जापोटी लिहून दिलेले कागद, फेडण्यासाठी. कोणी 'यंदा पंधरा लाख कोटी नवं कर्ज काढलं' म्हणालं तर तो बाजारातली एकूण उचल सांगतो आहे की वर्षाची तूट, ते विचारा. योगायोगाने तूटही १५.६९ लाख कोटी आहे, त्यामुळे चांगले चांगले फसतात.

पायरी ६ : पैसा गेला कशात?

माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि भाषणांत हिचाच उल्लेख सगळ्यात कमी असतो.

विहिरीसाठी काढलेलं कर्ज आणि तेरवीसाठी काढलेलं कर्ज, दोन्हीचा बोजा सातबाऱ्यावर सारखाच दिसतो. दहा वर्षांनी घरात जाऊन पाहा, फरक दिसेल. सरकारच्या कागदात हा फरक सांगणारी एक ओळ असते : महसुली तूट. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्च रोजच्या कमाईतून भागत नाही, तेव्हा उरलेली तूट ती. २०२५-२६ मध्ये ती ५.२४ लाख कोटी धरली होती. एकूण तूट १५.६९. म्हणजे उचललेल्या प्रत्येक रुपयातले तेहतीस पैसे किराण्यात आणि जुन्या व्याजात जाणार, बाकीचे रस्ते, रेल्वे, राज्यांना कर्ज यांत.

ही तूट शून्यावर आणायची असं आपल्या कायद्यातच लिहिलं होतं. वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा २००३ चा, वाजपेयी सरकारच्या वेळचा. तो लागू झाला २००४ मध्ये, मनमोहनसिंग सरकार आल्यावर. त्यांनी काही वर्षं पाळला, २००८ च्या जागतिक मंदीत बाजूला ठेवला. २०१८ मध्ये मोदी सरकारने त्यात दुरुस्ती करून महसुली तुटीचं लक्ष्यच काढून टाकलं. पानठेल्यावर भांडायचंच असेल तर यावर भांडा. कर्ज किती याच्यापेक्षा 'किराण्यासाठी कर्ज काढणार नाही' हे वचन कोणी पाळलं, कोणी पुढे ढकललं आणि कोणी खोडलं, हा प्रश्न जास्त जड आहे. कारणं प्रत्येकाकडे होती, ती ऐकूनही घ्या.

राज्यालाही हेच माप लावा. महाराष्ट्राची २०२५-२६ ची महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती, आणि त्याच वर्षी लाडकी बहीणसाठी तरतूद ३६ हजार कोटी. योजना चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा. आमच्या घरातही ते पैसे येतात आणि त्यातून सुनेने शिलाई मशीन घेतली. पण रोजच्या खर्चापैकी किती भाग उसना आहे, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

पायरी ७ : सावकार कोण?

'देश गहाण टाकला' हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. केंद्राच्या कर्जात परकीय कर्जाचा वाटा शंभरात पाचच्या आसपास आहे. बाकी सगळं घरचं. सरकारी रोख्यांचा एक तृतीयांशाहून जास्त भाग बँकांकडे, चौथाईच्या आसपास विमा कंपन्यांकडे, उरलेला रिझर्व्ह बँक, भविष्य निर्वाह निधी वगैरेंकडे.

आणि पोस्टाकडे पाहा. आमच्या शेजारच्या आजीने कापसाच्या चुकाऱ्यातले वीस हजार किसान विकास पत्रात टाकले. ११५ महिन्यांत दुप्पट होणार म्हणून ती कागद पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवते. तिला मी सांगितलं, "आजी, तुम्ही दिल्लीले कर्ज देल्लं." ती हसली. "मंग व्याज टायमावर देतीन ना बाप्पा?" अल्पबचतीतून २०२५-२६ मध्ये ३.४३ लाख कोटी घ्यायचं ठरलं होतं. तुटीच्या दर रुपयात जवळपास बावीस पैसे. सुकन्या, आरडी, किसान विकास पत्र, सगळं त्यात आलं.

म्हणजे ते १२.७६ लाख कोटींचं व्याज बहुतांशी देशातच फिरतं. पण सगळ्यांकडे सारखं फिरत नाही. व्याज मिळतं ज्याच्याकडे ठेव आहे त्याला. कर मात्र तेलाच्या पुड्यावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर सगळेच भरतात, ज्याचं पोस्टात खातं नाही तोसुद्धा. मला विचाराल तर कर्जाच्या वादात हा मुद्दा कोणत्याच पक्षाने नीट उचललेला नाही.

पायरी ८ : दुसऱ्या वहीत लिहिलेलं शोधा

आता तेल रोखे. २००५ ते २०१० या काळात पेट्रोल-डिझेल स्वस्त ठेवण्यासाठी सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी रोखे दिले. 'आज सूट घ्या, पैसे पुढचा देईल.' २०१४ ला त्यातले सुमारे १.३४ लाख कोटी बाकी होते, आणि परतफेडीच्या मोठ्या तारखा २०२१ ते २०२६ मधल्या. पुढच्यावर ढकललं ही तक्रार रास्त आहे.

पण वजन पाहा. १५५ लाख कोटींत १.३ लाख कोटी म्हणजे शंभर रुपयांत एक रुपयाही नाही. आणि २०२०-२१ या एकाच वर्षात केंद्राने पेट्रोल-डिझेलवर सुमारे ३.३५ लाख कोटी उत्पादन शुल्क गोळा केलं. रोखे फेडायचे म्हणून पेट्रोल महाग, हे गणित बसत नाही.

आणि दुसरी वही एकाच सरकारने ठेवली असंही नाही. पुढे अन्नधान्याच्या अनुदानाचा पैसा सरकारने पूर्ण दिला नाही. अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावलं. रेशनचा खर्च झाला, पण तुटीत दिसला नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही रीत बंद करून ते कर्ज मुख्य वहीत आणलं, याचं श्रेयही नोंदवायला हवं. त्यामुळे तूट एकदम फुगलेली दिसली. ती खरी होती, आधीची झाकलेली होती.

तपासायची रीत सोपी : 'हमी', 'रोखे', 'महामंडळ' हे शब्द शोधा. महालेखापालांच्या अहवालात यावर हमखास पानं असतात.

पायरी ९ : आता दोष द्या

एवढं वहीत आल्यावर दोष जरूर द्या. लोकशाहीत दोष द्यायचाच असतो. फक्त कर्ज घेतलं ती तारीख आणि चटका बसला ती तारीख यांत अंतर असतं, हे धरून चला. १९९१ पाहा. ऐंशीच्या दशकात खर्च आणि परकीय उचल वाढत गेली, परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. मे महिन्यात चंद्रशेखर सरकार असताना २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेलं. जुलैत आणखी ४७ टनांच्या आसपास बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं, तेव्हा पंतप्रधान होते नरसिंह राव, आपल्याच रामटेकचे १९८४ आणि १९८९ चे खासदार. राव यांना सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता. सोनं कोणाच्या सहीने गेलं आणि कोणामुळे गेलं, ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

म्हणून शेवटचे दोन प्रश्न वहीत लिहा. त्या वेळी दुसरा काही मार्ग होता का? आणि आज जो दोष देतो आहे, तो त्या वेळी काय मागत होता? कोरोनात विरोधक 'लोकांच्या हातात पैसा द्या' म्हणत होते आणि ते बरोबरच होतं. तो पैसा कर्जातूनच आला असता.

दुसऱ्या प्रश्नाने मीही अडचणीत येतो. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत सुमारे ५२ हजार कोटी गेले. आजच्या दराने पंधरा दिवसांचं व्याज. पाच एकरांपर्यंतच्या थकीत कास्तकारांना पूर्ण माफी होती. आमच्या सोसायटीची यादी चावडीच्या भिंतीवर लागली तेव्हा सकाळपासून झुंबड होती, नावं वाचून दाखवायला मी स्टुलावर उभा होतो. त्यात माझ्या थोरल्या भावाचे अडतीस हजार होते. ती रक्कम मी कोणाच्या दोषात धरली नाही, आजही धरत नाही. पानठेल्यावर भांडणाऱ्या त्या दोघांच्याही बापांची नावं होती, एकाचं चौथं आणि एकाचं अकरावं. यादी माझ्याच हाताने लिहिलेली होती.